पुढच्या जहाजाने येतो

मिरज स्टेशनवर आप्पा एवढंच म्हणाले, "पाच वर्षं म्हणालीयेस. लक्षात ठेव." आई खिडकीतून दशम्यांचा डबा आत देत होती. त्याला बावीस वर्षं झाली. आधी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलची लॅब, मग स्कॉटलंडच्याही वर, ऑर्कनी बेटांवर. आप्पा गेले. आई मिरजेत एकटी राहिली.

शनिवारी मी इथल्या म्युझियममध्ये जुनी पत्रं टाइप करते. या बेटांवरची पोरं पूर्वी कॅनडाच्या गोठलेल्या किनाऱ्यावर, फरच्या व्यापाराच्या ठाण्यावर नोकरीला जायची. करार पाच वर्षांचा. आसपासचे क्री आदिवासी बीव्हरची कातडी आणायचे आणि बदल्यात ब्लँकेटं, किटल्या न्यायचे. जहाज वर्षातून एकदाच.

विल्यम नावाचा एक जण दरवर्षी आईला लिहायचा, पुढच्या जहाजाने येतो. ठाण्याच्या वहीत त्याची क्री बायको आणि चार मुलं आहेत. पत्रांत नाहीत. शेवटचं पत्र त्याच्या बहिणीचं: आई माझ्याकडे यायला तयार नव्हती, तू आलास तर घर बंद दिसेल म्हणून. हिवाळ्यात एकटीच वारली.

"अशी पुष्कळ आहेत," शेजारच्या टेबलावर टाइप करणारी आयलिन म्हणाली. "चहा घेणार?"

त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या धाकट्या भावाचा, शिरीषचा फोन आला होता. आईने गॅस चालू ठेवला, वास शेजाऱ्यांना आला. "माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, ताई येईल तेव्हा घर उघडं हवं. तू येणार नाहीयेस हे तूच सांग, ताई. मी सांगितलं तर मीच वाईट."

मी दरवर्षी नवं कारण देत होते. प्रमोशन झालं की, मुलीची शाळा संपली की. मुलगी आता ग्लासगोला नोकरी करते.

रविवारी फोन केला. "आई, मी परत राहायला येणार नाही. शिरीषकडे जा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," आई म्हणाली. "एवढं सांगायला बावीस वर्षं? दर उन्हाळ्यात तुझी गादी उन्हात घालत होते गं मी."

"आता नको घालूस."

"नाही घालत."

महिन्याभरात ती पुण्याला गेली. मला रडू येईल म्हणून दोन दिवस ॲन्युअल लीव्ह घेतली होती, ती फुकट गेली. भिंत रंगवली. तुमच्यापैकी कोणी घरी असं काही कबूल करून आलं असेल आणि जायचं नसेल, तर सांगून टाका.

घर कुठलं, असं विचारलं की मी इथला पोस्टकोड सांगते. मिरजेत कुलूप लावलेल्या दोन खोल्या आहेत. तिथे आता कोणी कोणाची वाट बघत नाही.