नळीच्या टोकाचं वजन

शनिवारी सकाळी मी अजूनही क्लबात जातो. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या कडेला, फुटबॉलच्या मैदानामागे एक लांबुळकी लाकडी शेड आहे, तीच आमची रेंज. मॅटवर पालथं पडायचं, डाव्या दंडाला पट्टा बांधायचा, रायफल खांद्याला लावायची आणि कागदावरच्या दहा काळ्या वर्तुळांत एकेक गोळी मारायची. शंभरपैकी मार्क. माझे नव्वदच्या आसपास येतात आणि आता या वयात काही सुधारणा व्हायची नाही. खरं सांगायचं तर मी जातो ते शेजारच्या मॅटसाठी. बारा वर्षांपूर्वी त्या मॅटवर माझी मुलगी असायची.

ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली मारायची. पंच्याण्णव, शहाण्णव. काउंटीच्या ज्युनिअर टीमची ट्रायल जवळ आली होती, आणि तिला त्या टीममध्ये जायचंच होतं. दुसरं काही सुचत नव्हतं पोरीला.

सोळाव्या वाढदिवसाला तिने ट्यूनर मागितला. ट्यूनर म्हणजे नळीच्या टोकावर बसवायचं एक वजन. त्याला आकडे कोरलेलं कडं असतं, ते फिरवलं की वजन केसभर पुढेमागे सरकतं. गोळी सुटताना नळी थरथरते. वजन नेमक्या जागी असलं की त्या थरथरीचा गोळीला त्रास होत नाही, असं विकणारे सांगतात. क्लबातल्या निम्म्या लोकांनी तो बसवला होता आणि प्रत्येकाला आपला खरा आकडा सापडला होता. प्रत्येकाचा वेगळा.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. इथेच वाढलेल्या, मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या पोरीला म्हण कळली नाही, सूर मात्र कळला. तरी आणून दिला. पहिल्याच शनिवारी अठ्ठ्याण्णव पडले.

"बाबा, बघितलं? ते काम करतो!"

आता इथे कोणी शहाणा बाप असता तर गप्प बसला असता. मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेला माणूस. माझी बायको म्हणते, यांना प्रेमसुद्धा दोनदा तपासून दिलेलं लागतं. एकदा अठ्ठ्याण्णव पडले म्हणजे काय सिद्ध झालं? एकाच वर्तुळात मारलेल्या पाच गोळ्यांच्या भोकांचा झुबका आज लहान येतो, उद्या त्याच आकड्यावर मोठा येतो. लोक लहान झुबका खिशात घालून मिरवतात आणि मोठा आला की वाऱ्यावर ढकलतात. बंद शेडमध्ये कसला आलाय वारा! ट्यूनरने काहीच होत नाही असं मी आजही म्हणत नाही. रायफल शिकंज्यात धरून शेकडो गोळ्या मारल्या तर कदाचित काही दिसेलही. पण माणसाच्या खांद्यावर, पाच-पाच गोळ्यांत, ते कळायचं नाही एवढंच.

लॅबमध्ये माझी एक रीत होती. अधूनमधून एकाच बाटलीतलं रक्त मी दोन वेगळ्या नावांनी तपासायला पाठवायचो. दोन्हीचा रिपोर्ट सारखा आला पाहिजे. आधी कोणाला सांगायचं नाही, त्यातच सगळी गंमत. ट्रायलच्या आदल्या शनिवारी मी तेच पोरीवर केलं.

पालथ्या पडलेल्या माणसाचा हात नळीच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि उठलं तर जमलेली बैठक मोडते. म्हणून कडं फिरवायला दुसरं कोणी लागतं. पाच गोळ्या झाल्या की ती बोल्ट उघडायची, रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून चेंबरमध्ये पिवळी पट्टी खोचायची आणि 'क्लिअर' म्हणायची. रेंज सांभाळणारे म्हातारे गृहस्थ स्वतः वाकून बघायचे, मान हलवायचे. मग मी तिच्याशेजारी गुडघे टेकून पुढे हात घालायचो.

"आता सात," मी सांगायचो. "आता अकरा."

निम्म्या वेळा मी काही फिरवतच नव्हतो. नुसती मूठ ठेवायची आणि काढायची. ती तशीच, गाल रायफलला टेकवून.

"कसं वाटतंय?"

"हे चांगला आहे, बाबा." आणि हसायची.

सबंध सकाळ आमचं हे चाललं. तेवढा वेळ मी तिच्या इतका जवळ त्याआधी कधी बसलो होतो, आठवत नाही. तिच्या जाकिटाचा वास, पट्ट्याचा दंडावर उठलेला वळ, गोळी मारण्याआधी अर्धवट सोडलेला श्वास, सगळं आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

मग चहाची वेळ झाली आणि मी टेबलावर तिची भोकं पडलेली कार्डं मांडली. एका रांगेत कडं फिरवून मारलेली, दुसऱ्या रांगेत न फिरवता मारलेली. झुबके सारखेच. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सगळ्यांना बोलावून मी इंग्रजीत साग्रसंगीत समजावलं. लोक हसले, एकाने पाठ थोपटली. म्हातारे गृहस्थ तेवढे हसले नाहीत. ती पण हसली, आणि कप विसळायला निघून गेली.

ट्रायलला तिने ट्यूनर काढून ठेवला होता. नव्वदसुद्धा पडले नाहीत. परतताना तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की परीक्षा आहेत, आता शनिवारी जमणार नाही. आणि मी गाडी चालवत कसला विचार करत होतो? या मार्कांनी माझं म्हणणं सिद्ध होतं की खोडलं जातं, याचा. कसला मेला माणूस मी.

"अहो, पोरीला खोटं पाडून काय मिळवलंत?" रात्री बायकोने विचारलं.

"मी ट्यूनरला खोटं पाडलं."

"ट्यूनर वरच्या खोलीत रडत नाही बसलेला."

त्यानंतर तिने रायफल हातात घेतली नाही. आता ती ग्लासगोला असते. रविवारी फोन येतो. हवा कशी आहे, गोळ्या घेतल्या का, आई काय करते. दुधाची तहान ताकावर. मला तिचं ते 'क्लिअर' ऐकायचं असतं, पण असं फोनवर कसं सांगणार?

गेल्या महिन्यात ती आली होती. परत जाताना तिला स्टेशनवर सोडायला गेलो, ट्रेनला थोडा वेळ होता म्हणून आम्ही मोटारीतच बसून होतो. बारा वर्षं मनात राहिलेलं एकदाचं बोलून टाकलं. "त्या दिवशी मी तुला फसवलं. न फिरवताच आकडे सांगितले. चुकलं माझं."

"बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही फिरवत नव्हता ते. रायफल गालाला लावलेली असते ना. ते कडा फिरला की गालाला कळतं. पहिल्या वेळेलाच कळलं मला."

"मग चांगलं आहे, चांगलं आहे, असं कशाला म्हणत होतीस?"

"तुम्ही इतका सिरीयस चेहरा करून नंबर सांगत होता. मला वाटलं, तुम्हाला पण माहीत आहे. आपण खेळतोय." तिने बॅग खांद्याला अडकवली. "मग तुम्ही ती कार्डं टेबलावर लावली."

तिने माझा हात जरा दाबला, उतरून मोटारीचं दार लावलं आणि स्टेशनच्या जिन्याकडे गेली. मागच्या टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी मी तिथेच होतो. सबंध सकाळ माझी पोर माझ्याशी खेळत होती, आणि मला ते कळलंच नाही.