नानांचे केळीचे वेफर्स

आमच्या घरात वेफर्सवरून भांडणं व्हायची. मला बटाट्याचेच लागायचे, तुरटीच्या पाण्यातून काढलेले, पांढरेशुभ्र, जिभेवर ठेवताच विरघळणारे. आईला बटाट्याचा कीस आवडे. आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केळीचे. दुकानात गरम तेलात सोडतात ते पिवळे नव्हेत. कच्ची केळी वाफवायची, चकत्या करायच्या आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळवायच्या. त्या काळपट पडतात, तळल्या तरी दातांना दाद देत नाहीत, वर तुरट लागतात ते वेगळंच. आम्ही कुणी तोंडाला लावत नसू. पण आमच्या गावी, असोद्याला, केळी घरची, म्हणून नानांना त्यांचा भारी अभिमान. "तुमचे बटाटे म्हणजे नुसती हवा," म्हणत ते ताटलीभर एकटेच संपवायचे.

लग्न होऊन मी धुळ्याला गेले. एका एप्रिलमध्ये निरोप आला, नानांचं जास्त आहे. पोहोचले तर नाना ओसरीवर खाटेत, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. आता उपाय नाही म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. आणि आई? आई भर उन्हात धाब्यावर वाळवण गोळा करत होती!

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर वाळवण घालत नाहीत. पापड नाही, कुरडया नाहीत, काही नाही. दोंडाईच्याहून आलेली आत्या तेच बोलली, आईला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा भाऊ जायच्या आत वर्षाची बेगमी करू राह्यली बाई!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आत्या, तोंड आवर." आई वाळवण डब्यांत भरून खाली आली. डबे फडताळात ठेवले आणि नानांचे पाय चेपत बसली.

दोन दिवसांनी नाना गेले. भेटायला येणाऱ्या बायकांनी तोच विषय चघळला. सुतकात घरात तळण नसतं, पण वेफर्सची चर्चा मात्र रोज. आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकायची. मला बायकांचा संताप यायचा आणि तिचाही. कशाला घालायचं मेलं ते वाळवण!

तेरावं झालं आणि आत्या निघाली. जाता जाता तिनं फडताळ उघडलं. म्हणाली, "एवढं केलंच आहे तर बटाट्याचे थोडे दे मले."

डबा उघडला तर केळीचे. तिनं तळापर्यंत हात घालून पाहिलं. सगळे काळपट, केळीचेच. मी दुसरा डबा उघडला. त्यातही तेच.

आत्यानं हात बाहेर काढला. "हे कोण खाईन वं आता?"

आईनं डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डाक्टरनं घरी न्या म्हटलं," ती म्हणाली. "मले वाटलं, बरे झाले म्हनून सोडलं त्यायले."