दर तासाला एक चूक

"छप्पन्न! सात आठे छप्पन्न! आख्ख्या राजाजीनगरात घालवा आता अब्रू!"

बायको स्वयंपाकघरातून उलथणं घेऊनच ओरडत आली होती. तिचं संपतंय तोवर खाली गल्लीतल्या फुलवालीनं मान वर केली. "ऐवत्तारु, मेष्ट्रे!" म्हणजे मास्तरांना तिनंही कन्नडात छप्पन्नच ठणकावलं. नाक्यावरचं कुत्रं दोनदा भुंकलं. मी शपथेवर सांगतो, त्यालाही उत्तर येत होतं.

येत नव्हतं ते फक्त माझ्या आठवी 'ब'ला. मी लॅपटॉपसमोर घसा फाडून सात आठे चौसष्ट म्हणालो होतो आणि लॅपटॉपमधले अडतीस काळे चौकोन ढिम्म होते. अडतीस मयतांच्या तसबिरी मांडाव्यात आणि हार घालायचे तेवढे राहावेत, तसे.

शाळा बंद पडल्या त्या वर्षाची ही गोष्ट. त्याआधी सव्वीस वर्षं मी फळ्यावर गणित शिकवलं. माझा आवाज असा, की मी अपूर्णांक सुरू केले की तिकडे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशिनं थांबायची, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण मी काय कमी लोक आहे?

आणि माझी एक खोड होती. दर तासाला फळ्यावर मी मुद्दाम एक चूक करायचो. एकच. करायची, पाठ फिरवायची आणि कान खाजवायचा. मग मागून आरोळी उठायची. चूक पकडणाऱ्यानं पुढे यायचं, स्वतःच्या हातानं ती पुसायची आणि उरलेला खडू घरी न्यायचा. माझ्या लेखी तीच हजेरी. पटावरची हजेरी खोटी असते, शरीरं येतात आणि डोकी घरी असतात.

खडू जिंकण्यात पहिली होती ती पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांची पोरगी. ती आरोळी वगैरे ठोकत नसे. शेवटच्या बाकावर उभी राहायची, "तिसरी ओळ" म्हणायची आणि बसायची. तिच्याकडे इतके खडू साठले होते, की त्यातून आमच्या शाळेला एक मजला चढवता आला असता.

आणि आता हे! तांदळाच्या पालथ्या डब्यावर लॅपटॉप. कॅमेरा खालून, त्यामुळे पडद्यावर आधी माझ्या नाकपुड्या, एकेक मेट्रोच्या बोगद्याएवढी, आणि त्यांच्यामागे कुठेतरी मी. सव्वीस वर्षं स्वतःचं तोंड मी दाढीपुरतं बघत आलो. आता रोज चार तास तेच बघायचं, तेही बोलताना. शी! माणूस बोलताना इतका ओला दिसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात शेजारी आंबत ठेवलेलं डोशाचं पीठ, आणि खिडकी उघडावी तर फुलवाली गणितं तपासायला तयारच.

मुलांचे कॅमेरे बंद. एकदा एकाचा चुकून चालू राहिला. त्याच्या आजोबांनी माझ्याकडे रोखून बघत कवळी काढली, वाटीत बुचकळली, बोटानं घासली आणि ते पाणी तिथल्याच तुळशीला घातलं. त्या दिवशी मी बीजगणित पूर्ण केलं आणि दुपारी ताटावरून उठलो.

हे सगळं मी गिळलं असतं. पण चूक कुणी पकडेना. सोमवारी मी वजा तीन गुणिले वजा चार बरोबर वजा बारा लिहिलं आणि कान खाजवला. शांतता. मंगळवारी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे नव्वद केली. कान लाल होईस्तोवर खाजवला. शांतता. बुधवारी तीन चुका घातल्या, गुरुवारी पाच. मी म्हणजे नदीत गळ टाकून बसलेला माणूस, आणि नदीच नाही! गुरुवारी जेवताना बायकोला सांगितलं, "उद्याही कुणी बोललं नाही तर राजीनामा. कुणी नसताना बडबडणाऱ्याला मास्तर म्हणत नाहीत, वेगळं काहीतरी म्हणतात."

"सरी," ती कन्नडातच 'बरं' म्हणाली. "पण आधी स्वल्प कोशिंबीर घ्या."

म्हणून शुक्रवारी तो चौसष्टचा बॉम्ब. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

शनिवारी सकाळी राजीनामा लिहिला, खिशात घातला, मास्क चढवला आणि शाळेकडे निघालो. त्या खडूवाल्या पोरीचं घर वाटेवरच होतं. ती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. मला राहवेना. खालूनच तोफ डागली, "काय गं! सात आठे चौसष्ट ऐकूनसुद्धा गप्प? झोपली होतीस की मेली होतीस?"

समोरच्या चार खिडक्या उघडल्या. ती कठड्याशी आली.

"सोमवारी दोन चुका होत्या, सर. तुमचा नियम एकाच चुकीचा आहे."

"दोन कुठल्या? एकच घातली होती! वजा बाराची!"

"खालच्या गणितात बेरीजपण चुकली होती. सत्तावीसच्या जागी सदतीस."

ती मी घातली नव्हती. मास्कच्या आत माझाच श्वास मला नकोसा झाला.

"मग बोलली का नाहीस?"

"घातलेली कुठली आणि झालेली कुठली, तेच कळेना. मग रोज वाढतच गेल्या. आई म्हणाली, सरांना हे कॉम्प्युटरचं टेन्शन आलं असेल, सगळ्यांसमोर नको बोलायला. मग आम्ही ग्रुपवर ठरवलं, कुणीच बोलायचं नाही."

"म्हणजे सगळ्यांना दिसत होत्या?"

"हो."

खिशातला कागद मुठीत कधी चुरगळला, कळलं नाही. "अगं, मग आठवडाभर तासाला गप्प बसून करत काय होतात तुम्ही?"

"वहीत बरोबर करून घेत होतो, सर."