रांगोळीनं घासलेला डॉलर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात रवींद्ररावांकडे जेवायला जाणाऱ्यानं दोन गोष्टींची तयारी ठेवावी: शैलजाकाकूंचा आग्रह आणि रवींद्ररावांची नाणी. आग्रहातून एक वेळ सुटका होते, नाण्यांतून होत नाही.

रवींद्ररावांनी सारी नोकरी चाचणीच्या गाड्यांवर काढली. बनवायच्या, तपासायच्या आणि बाजारात न आणताच मोडीत काढायच्या गाड्या. म्हणूनच की काय, टांकसाळीनं नमुना म्हणून पाडलेल्या आणि कधीच चलनात न आलेल्या नाण्यांवर त्यांचा भारी जीव. पण ती परवडणार कुणाला? मग रिटायर झाल्यावर ते कोऱ्या नाण्यांच्या मागे लागले. टांकसाळीतून निघालेलं, पण कुणाच्या खिशात न फिरलेलं, ते कोरं. प्रत्येक नाण्याचं ते कार्ड करत. खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडत, पण थाप मारत नसत.

त्यांचा लाडका होता १८८१चा चांदीचा डॉलर, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा. वर्षानुवर्षांच्या हवेनं त्याच्या कडेला निळसर-जांभळी झाक चढली होती. यंदा नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात कोऱ्या नाण्यांमध्ये तो पहिला येणार, असं सगळेच म्हणत होते. रवींद्रराव तर नवरदेवासारखे हवेत होते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. फोटो काढायला रवींद्ररावांनी डॉलर डबीतून काढला आणि फोन आला म्हणून टेबलावर ठेवून गेले. शेजारीच घासायला काढलेली चांदीची निरांजनं होती. काकूंनी निरांजनांबरोबर डॉलरही रांगोळीनं घासला. नुसता नाही, मनापासून.

"बघा, कसा लखलखतोय! किती काळा पडला होता हो!"

रवींद्रराव मटकन खुर्चीत बसले.

"अहो, काय झालं?"

"अगं, तो काळेपणाच खरा होता. घासलं की नाण्याचा मूळ पृष्ठभागच जातो, आता ह्याला कोरा म्हणता येणार नाही. क्लीन केलेला म्हणतात."

काकूंचा चेहरा पडला. "मग परत काळा करता येत नाही?"

"नाही गं." मग त्यांनाच काकूंची दया आली. "जाऊ दे. लक्ष्मीपुढे ठेव त्याला, शोभतोय."

त्या रात्री काकूंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रवींद्ररावांनी डॉलर क्लबात नेला. कार्डावरचं 'कोरं' खोडून 'घासलेलं' लिहिलं होतं. काकूही बरोबर होत्या. म्हातारे परीक्षक भिंगातून पाहून हळहळले.

"अरेरे! एवढ्या सुंदर नाण्यावर कुणी हात चालवला?"

रवींद्ररावांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच. चूक झाली."

नाण्यांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच ते खोटं बोलत होते, आणि त्यांना त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

परीक्षक कार्डावर तसं लिहायला वाकले, तेवढ्यात काकू पुढे झाल्या. मान ताठ होती.

"ते लिहू नका. मी घासला. ह्यांनी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही, ती माझ्यासाठी व्हायला नको."

परीक्षकांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं. रवींद्ररावांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की पहिला नंबर कुणाचा आला हे पाहायचं ते विसरूनच गेले.