घरून धुऊन आणलेले पाय

अन्याय झाला तो रांजणगावच्या एका कंपनीत दिवसभर उभ्यानं पॅकिंग करणाऱ्या बाईवर, गेल्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, शिरूरकडच्या आमच्या चर्चमध्ये. तिचं नाव आम्ही कुणीच विचारलं नाही.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. आमचे बारा प्रतिष्ठित घरूनच साबणानं टाचा घासून येतात. एक जण तर पावडरही लावतो. पाळकसाहेबांना उगाच त्रास नको!

त्या दिवशी एक जण आलाच नाही. कंपनीच्या बसमधून उतरून थेट आलेली ही बाई रिकाम्या खुर्चीत बसली आणि बूट काढले. घोटे सुजलेले, तळवे काळे.

चर्चचे सेक्रेटरी धावले. "अवो मावशी, निदान पाय तरी धुऊन यायचं!"

"धुतलेलं असतं तर हितं कशाला बसले असते, साहेब?"

सेक्रेटरींनी तिला खुर्चीतून उठवलं. ती मागं सतरंजीवर बसली. विधीनंतर फरशीवर पाणी सांडलं होतं. मंडळीतले म्हातारे आबा घसरतील म्हणून तिनं ते गुडघ्यांवर बसून पुसलं, त्यांना हाताला धरून पायरी उतरवली, आन् गेली ती गेलीच. आम्ही तेव्हा नम्रतेचे फोटो काढत होतो. पाय पुसायचा टॉवेल माझ्याच हातात होता, आणि मीही फोटोसाठीच उभा होतो.

येत्या वर्षी त्या बारांच्या यादीत तुमचं नाव असेल, तर खोडा. तिला शोधा, नाव विचारा, खुर्चीत बसवा आणि तिचे पाय स्वतः धुवा.