वॉल्टरकाकांना मिळालेल्या टाळ्या

डोरोथीचा फोन आला तेव्हा मी गाडीची किल्ली घेऊन दारातच होते. "वॉल्टर गेला," एवढंच म्हणाली. आम्ही अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आल्यापासून हे नवरा-बायको आमचे शेजारी. काका बरेच दिवस आजारी होते, हा फोन कधीतरी येणार हे ठाऊक होतं. मी निघाले होते माझ्या लेकीची, केतकीची, सॉफ्टबॉलची मॅच बघायला. तिला बॉल झेलायला काकांनीच शिकवलं होतं, आमच्या ड्राइव्हवेवर.

माणूस गोड वगैरे मुळीच नव्हता. फटकळ! आमच्याकडे मराठी मंडळाची माणसं जेवायला होती, शेजारी म्हणून काकाही होते, त्याच दिवशी नागपूरला माझे बाबा गेले. दादाचा फोन माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने घेतला. आपली रीत ठरलेली... दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगू. घरभर कुजबूज झाली. बायका मला आग्रह करकरून वाढत होत्या आणि मी म्हणतेय, आज माझं एवढं कौतुक कशाला? कुणीतरी वॉल्टरकाकांनाही सांगितलं. ते ताट ठेवून सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "तुझे वडील गेले. इथे सगळ्यांना माहीत आहे, तुला सोडून." तोंडातला घास तोंडातच राहिला. "काय ही सांगायची तऱ्हा!" म्हणत श्रीकांतने त्यांच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला.

मी नागपूरहून परतल्यावर काका एकदाच मोकळं बोलले. दुसऱ्या महायुद्धात चांगले खेळाडू सैन्यात गेले, म्हणून बेसबॉलचे व्यावसायिक संघ मिळेल त्याला मैदानात उतरवत होते. एका कानाने बहिरे म्हणून सैन्याने नाकारलेले काका असेच एका लहान गावच्या संघात लागले. थोरला भाऊ फ्रँक लढाईवर. एका दुपारी मॅच चालू असताना वडील आले, मॅनेजरच्या कानाशी लागले आणि प्रेक्षकांत जाऊन बसले. फ्रँक मारला गेला होता. बदली खेळाडू नव्हता आणि वडील म्हणाले, पोराला खेळून घेऊ दे. बातमी बाकांवरून पसरत गेली. काका बॅट घेऊन आले तर सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं.

"मला वाटलं, माझ्यासाठी," काका म्हणाले. "मी टोपी उंचावून हसलो... भाऊ मेल्याच्या टाळ्या मी हसत घेतल्या." ती त्यांची शेवटची मॅच. वडिलांना त्यांनी कधीच माफ केलं नाही.

तर डोरोथीच्या फोननंतर मी शाळेच्या मैदानावर पोचले. केतकी हेल्मेट घालून बॅटिंगला जायची वाट बघत होती. श्रीकांत आधीच आला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "एवढी मॅच होऊ दे गं." मी ऐकलं नाही. कुंपणाशी जाऊन तिला हाक मारली आणि सांगून टाकलं. तिने हेल्मेट काढलं, कोचशी दोन शब्द बोलली आणि गाडीत येऊन बसली. रडली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, "यू कुड हॅव वेटेड, आई. ती एक हिट मी त्यांच्यासाठी मारणार होते."

मला फार लागलं ते. काकांनी माझीच बाजू घेतली असती, पण केतकीला ती पटली असती असं नाही.

परवा तिच्या खोलीत कपडे ठेवायला गेले. कपाटात तिचा ग्लोव्ह होता, आत बॉल घालून दोरीने करकचून बांधलेला. मोसम संपला, की आकार बिघडू नये म्हणून काका तिला तो असाच बांधून ठेवायला लावायचे. यंदाचा मोसम अजून अर्धाही झालेला नाही.