हिरूचा बाप्तिस्मा

सुंदरावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वाल्मिकदादाची बायको. दादा भिवपुरीच्या वीजघरात मशीनला तेल घालायच्या कामावर होता आणि तिथल्या चाळीतच, माझ्या शेजारच्या खोलीत, तिनं सगळा संसार केला. शेवटची बारा-पंधरा वर्षं रविवार उजाडला की दोघं दोन दिशांना जायची. ती पाळकांच्या उपासनेला, तो ब्रदर जयवंतांच्या सभेला. लोक मला विचारायचे, भांडण झालंय का? भांडण कसलं! ते काय होतं हे कोणाला सांगायला मी आजवर बसले नाही, आज सांगते.

वहिनी भारी घाबरट. बाप कर्जतला मिशनच्या बंगल्यावर माळी, त्यामुळं देवाचं सगळं लहानपणापासून कानावर. दूध उतू गेलं तरी आपल्या हातून काही पाप घडलं का म्हणून विचारायची. मी चिडवायची, "वहिनी, देवाला तुझ्या दुधाबिगर दुसरा धंदा नाय का गं?" ती हसायची, पण काळजी काही तोंडावरून हलायची नाही.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली, हिरू. श्रावणातली. जन्मली ती अशक्तच, आणि आठवडा व्हायच्या आत निळी पडायला लागली. ओढ्यांना पूर, पाळक कल्याणला. बाप्तिस्म्याबिगर गेली तर पोरीला स्वर्ग नाही, या धास्तीनं मग वहिनीनं स्वतःच तांब्यात हात बुडवला, पोरीच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं तिला बाप्तिस्मा दिला. अशा वेळी कोणाही विश्वासणाऱ्यानं दिला तरी चालतो, असं पाळकांनीच शिकवलं होतं. दुपारी हिरू गेली. पूर उतरल्यावर पाळक आले, बाप्तिस्मा रीतसर झाला म्हणाले आणि तिच्या मातीवर पूर्ण प्रार्थना केली. पुढं वहिनीला मूल झालं नाही. एवढा एकच दिलासा तिच्यापाशी राहिला.

सत्तर सालाच्या सुमारास अंबरनाथहून नव्या पंथाचे प्रचारक, ब्रदर जयवंत, यायला लागले. माणूस वाईट नव्हता. गळा गोड, बोलणं मऊ. पण शिकवण एकच: सगळ्यांना अनुभव सारखाच यायला हवा. आधी पश्चात्तापाचं रडू, मग पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा, मग अंगात आत्म्याचं वारं. यातलं एक जरी चुकलं तरी तारण नाही, म्हणजे नरकच. तान्ह्याच्या कपाळावर शिंपडलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी.

चाळीतली ख्रिस्ती घरं एकेक करून तिकडं वळली. सभेत माणसं रडायची, थरथरायची. दादाही रडला. वहिनी मध्ये बसून सगळ्यांची तोंडं बघायची. तिला काहीच होईना. तिचं जेवण तुटलं. भांडी घासता घासता मला म्हणाली, "वन्सं, तुमाला कदी असं काय झालं व्हतं का हो? अंगात काय आल्यावानी?"

"मला सर्दी होते," मी म्हटलं. त्या ब्रदरचा मला असा राग आला होता!

"चेष्टा नका करू. मला सादं रडूबी येत नाय. माझ्यात विश्वासच नसंल तर?"

शेवटी दादानंच ठरवलं, दोघांनी बुडून घ्यायचं. रविवारचा दिवस नेमला. आता वीजघरातलं पाणी जिथं ओढ्याला मिळतं तिथं एरवी छातीभर पाणी असतं. पण रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून मशीन कमी चालतं, म्हणून पाणी गुडघ्याएवढं. हे जन्मभर मशीनला तेल घालणाऱ्या माझ्या भावाच्या ध्यानात येऊ नये! पण त्याचं चित्त कुठं ठिकाणावर होतं?

ब्रदरनी त्याला पाण्यात उभं करून विचारलं, "याआधी तुमचा खरा बाप्तिस्मा झालेला नाही, शिंपडणं हा बाप्तिस्मा नव्हे, हे कबूल करता?"

"व्हय," दादा म्हणाला.

मग त्याला आडवा केला. उंच माणूस, डोकं बुडालं तर गुडघे वर. गुडघे दाबले तर कपाळ वर. दोन वेळा बुडवावं लागलं. मला हसू येत होतं, तेवढ्यात वहिनीकडं नजर गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

ती पाण्यात उतरली. तोच प्रश्न. ती पाण्याकडं बघत राहिली.

"बोला, बाई."

"माजा सोडा, ब्रदर. तो मला आठवतबी नाय," वहिनी म्हणाली. "पण माज्या हिरूला मी शिंपडूनच दिलाय. तो नव्हं म्हनलं तर ती कुठं ऱ्हाईल?"

ब्रदर गडबडले. मग मऊपणानं म्हणाले, "लेकरू होतं ते. देव दयाळू आहे. तिचं तो बघेल."

"मंग माजंबी तोच बघंल," ती म्हणाली, आणि ओलं लुगडं गोळा करत काठावर आली.

काठावरची माणसं तिच्याकडं अशी बघत होती की जणू तिनं देवालाच थप्पड मारली. दादा ओले कपडे पिळत पुढं निघाला. वाटेत ती माझा दंड धरून चालत होती. "वन्सं, मी चुकले असले तर? मी नरकात जाईन, पण तुमचं दादा तिकडं सर्गात एकटंच पडतील हो." मी काय, पाळक आहे?

घरी तिनं भात वाढला. दादा ताटावर बसला, पण हात घालीना. मला वाटलं आता हा तिच्यावर भडकणार. मी मध्ये पडायच्या तयारीतच होते.

"सुंदरे," तो म्हणाला. "तू तिला पानी लावलंस तवा आमेन मी म्हनलो व्हतो गं. अन् आज समद्यांच्या म्होरं व्हय म्हनून आलो. माज्या पोरीला मी पुसून टाकलं का?"

वहिनी घाबरली, पण या वेळी स्वतःसाठी नाही. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तुमी तुमच्या पान्याला नाय म्हनलात. तिच्या पान्याला तुमी कोन नाय म्हननारे?"

"नक्की?"

"मला काय म्हायती?" ती म्हणाली. "जेवा."